कागदावर शिवलेली चांदणी

आज पहिल्यांदा कागदावर कापडाचे तुकडे एकेक जोडत चांदणी शिवली. नक्षी कागदावर छापलेली, कापड कागदाच्या मागे आणि टीप पुढच्या छापील रेघेवर. त्यामुळे नक्षी आरशातल्यासारखी उलटी उमटते. टाका १.५ मिलिमीटरचा, बारीक. म्हणजे भोकं जवळजवळ पडतात आणि शेवटी कागद अलगद फाटून निघतो. दर टिपेनंतर पाव इंच माया, म्हणजे टिपेबाहेरची कड, सोडून जादा कापड छाटायचं.

तिसरा तुकडा उलटवला तर कोपरा उघडाच! कापड तोकडं पडलं होतं. उसवलं, पुन्हा शिवलं. पण चांदणीची टोकं अशी नेमकी जुळली की कितीतरी वेळ हात फिरवत बसले. आजी गोधडीला धावदोरा नुसत्या नजरेने घालायची, ओळ जराही हलायची नाही. तिच्या लुगड्याचा जांभळा तुकडा आज मधोमध बसवलाय.