घोडीच्या पापणीला टाके आणि लोकल भूल, माझा अनुभव

आमची नागावच्या किनाऱ्यावर घोडागाडी आहे. पावसाळ्यात गाडी बंद असताना तबेल्याच्या पत्र्याला घासून चंपाची वरची पापणी फाटली, तुकडा नुसता लोंबत होता. डॉक्टर बघताक्षणी बोलले की हा कापायचा नाही, शिवायचाच, कापला तर डोळा नीट झाकणार नाही आणि बुबुळाला कायम त्रास. पूर्ण भूल नको म्हणाले, घोडा त्यातून उठताना धडपडतो आणि पाय मोडायची भीती असते, म्हणून उभ्याउभ्याच करायचं ठरलं.

आधी शिरेत झायलाझिन, म्हणजे गुंगीचं औषध, मान खाली गेली, ओठ लोंबला. मग जागा बधिर करायचं औषध, लिग्नोकेन २ टक्के, दोन ठिकाणी. एक कान आणि डोळ्याच्या मधल्या हाडावर, त्याने पापणी मिटायची ताकद जाते, दुसरं भुवईच्या हाडात बारीक भोक असतं तिथे, त्याने वरची पापणी बधिर होते. सुई टोचली की डॉक्टर दर वेळी सिरिंजचा दांडा जरासा मागे ओढून रक्त येतंय का बघायचे. औषध शिरेत गेलं किंवा जास्त झालं तर अंग थरथरतं, तोल जातो, झटके येऊन घोडा कोसळतो, हृदयावर पण येतं, हे ऐकून मी दोरी धरून नुसता तिच्या अंगाकडे बघत होतो. तसलं काही झालं नाही देवाच्या कृपेने.

खरं जपावं लागलं ते नंतर. टाके झाले, घोडी भानावर आली, पण डोळा मिटेना! लिग्नोकेनचा असर तास-दीड तास, कधी जास्तही राहतो, आणि तोवर उघडा डोळा सुकतो, त्यात आमच्याकडे समुद्राचा वारा आणि रेती. वाऱ्याकडे पाठ करून बांधली आणि डॉक्टरांनी दिलेलं जेल थोड्या थोड्या वेळाने डोळ्यात सोडत बसलो. आधी अर्धवट मिचकावलं, मग पूर्ण, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

भुवईवर लिंबाएवढी सूज होती ती आपोआप उतरली, पण गरम लागली, दुखली किंवा वाढली तर लगेच फोन करा असं बजावलं होतं. गुंगी पूर्ण उतरेपर्यंत चारा अजिबात द्यायचा नाही, घशात अडकतो. धनुर्वाताचं इंजेक्शन पण घेतलंच, घोड्याला तो फार पटकन होतो. अलिबाग-काशीदकडच्या गाडीवाल्यांनो, पापणीचं काम निघालं तर डोळ्याचं जेल आधीच मागून ठेवा, रात्री मेडिकल उघडं मिळत नाही.