फळातली साखर आणि आपल्या पेशी

गेले काही दिवस एकाच विषयात अडकलेय, औषधी फळांतले पॉलिसॅकराईड्स. म्हणजे साखरेच्या रेणूंच्या लांबच लांब, फांद्या फुटलेल्या साखळ्या. गोजी बेरीसारखं फळ गरम पाण्यात उकळायचं, त्या पाण्यात अल्कोहोल ओतलं की ह्या साखळ्या साका होऊन खाली बसतात, आणि तेच मग मॅक्रोफेजवर टाकून बघतात.

मॅक्रोफेज म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशी. त्यांच्या अंगावर टीएलआर-४ सारखे रिसेप्टर, म्हणजे बाहेरचे रेणू ओळखणारी प्रथिनं असतात, काही साखळ्या तिथे चिकटल्या की पेशी जागी होते, नायट्रिक ऑक्साईड बनवते, टीएनएफ-अल्फा हा दाहाचा निरोप देणारा रेणू सोडते आणि बाकीच्या पेशींना सावध करते. मला हे फार सुंदर वाटतं.

पण इथेच खरी गोम आहे बरं का! बॅक्टेरियाच्या आवरणातलं एंडोटॉक्सिनसुद्धा ह्याच टीएलआर-४ वर काम करतं (हे १९९८ मध्ये कळलं, त्यासाठी ब्रूस बॉयटलरना २०११ च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला) आणि त्याचा अगदी किंचित अंश अर्कात राहिला तरी पेशी तशाच भडकतात, मग श्रेय फळाला द्यायचं की घाणीला? म्हणून एंडोटॉक्सिनला बांधून निकामी करणारं पॉलिमिक्सिन-बी घालून तपासलंय का ते मी आधी बघते, ते नसेल तर माझा विश्वासच बसत नाही.

आणि खाल्ल्यावरचं गणित वेगळंच, एवढे मोठे रेणू रक्तात सहजी जात नाहीत, बरेचसे आतड्यातले जंतू आंबवतात, त्यातून ब्युटिरेटसारखी छोटी आम्लं तयार होतात आणि ती उलट दाह कमी करणाऱ्या टी-पेशींना बळ देतात.