तीन मिनिटांचे रीळ, तीन दिवसांचे काम

आमच्या संस्थेचे मूळ वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातील वडिलांच्या फोटो स्टुडिओत आहे. लग्नामुंजींच्या कामावर घर चालत असे. त्याविषयी अधिक सांगण्यासारखे काही नाही. टाइमलॅप्सकडे, म्हणजे संथपणे घडणारे झरझर दाखवणाऱ्या चित्रीकरणाकडे, मी वळलो तो दादासाहेब फाळक्यांमुळे. याच शहरातील कलाभवनात शिकलेल्या फाळक्यांनी १९१२ मध्ये कुंडीत पेरलेल्या वाटाण्याची वाढ रोज थोडी थोडी टिपून ‘अंकुराची वाढ’ हा लघुपट केला आणि तो दाखवून पहिल्या चित्रपटासाठी भांडवल मिळवले. ठरावीक अंतराने फ्रेम घ्यायची आणि सलग दाखवायची, हे तत्त्व आजही तेच आहे.

मोठ्या फॉरमॅटचे, म्हणजे मोठ्या आकाराच्या फ्रेमचे, वेड नंतरचे. आयमॅक्स या भव्य पडद्यासाठीच्या पद्धतीच्या कॅमेऱ्यात ६५ मिमी निगेटिव्ह आडवी धावते आणि एका फ्रेमला कडेची १५ छिद्रे लागतात, त्यामुळे १,००० फुटांचे रीळ सेकंदाला २४ फ्रेमच्या वेगाने जेमतेम तीन मिनिटांत संपते. तेच मिनिटाला एक फ्रेम घेतली तर सुमारे तीन दिवस पुरते. असला कॅमेरा घेण्याची आमची ऐपत कधीच नव्हती. आम्ही मध्यम फॉरमॅटच्या डिजिटल कॅमेऱ्यावर काम करतो.

आमचे पोट मुख्यतः मकरपुऱ्याकडच्या कारखान्यांच्या उभारणीच्या चित्रीकरणावर भरते. मचाणावर पत्र्याची पेटी, पुढे सपाट काच, आत ओल शोषणारे सिलिका जेल, आणि नेमाने वर चढून ती काच पुसणारा माणूस, एवढाच सारा थाट असतो. खरी डोकेदुखी लुकलुकण्याची, म्हणजे फ्रेमागणिक उजेड कमीजास्त दिसण्याची. दर फ्रेमला लेन्सचे छिद्र यंत्राने मिटते, पण प्रत्येक वेळी तंतोतंत तेवढेच मिटत नाही. फोनवर तो फरक खपून जातो, भिंतीएवढ्या पडद्यावर मात्र डोळ्यांना खुपतो. म्हणून आम्ही वडिलांच्या जुन्या, हाताने कडे फिरवायच्या लेन्स अडॅप्टर लावून वापरतो, कारण त्यांचे छिद्र एकदा ठेवले की हलत नाही. नव्या महागड्या लेन्सपेक्षा या कामात त्या सरस आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

दराचा प्रश्न मात्र वर्षानुवर्षे छळत राहिला. ग्राहक हातात आलेले सेकंद मोजतो आणि आमचे महिने जातात, म्हणून आता आम्ही करार महिन्यांच्या हिशेबाने करतो आणि अंतिम लांबी आधीच लिहून घेतो. अलीकडे तारांगणाच्या घुमटासाठी विचारणा होऊ लागली आहे. त्यासाठी फिशआय, म्हणजे चहूबाजूंचे दृश्य एका गोलात टिपणारी, लेन्स लागते. ती दिवसाच्या भाड्याने मिळते, पण महिनोन्महिने मचाणावर ठेवायला कोणी देत नाही, तेव्हा ती विकतच घ्यावी लागणार आहे.