तुम्ही विचारलंत म्हणून: महाराजांनी अन्न का सोडलं

आमच्या हॉलमध्ये जैन आचार्य शांतिसागर महाराजांचा फोटो आहे. घरी येणारं कुणी ना कुणी विचारतंच, हे कोण, आणि शेवटी ३६ दिवसांची सल्लेखना (अन्नपाणी सोडत शांतपणे देह ठेवण्याचं जैन व्रत) घेऊन गेले म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, मग ही आत्महत्याच नाही का? २०१५ला राजस्थान हायकोर्टानं संथारा, म्हणजे सल्लेखनाच, बेकायदा ठरवला (त्याच महिन्यात सुप्रीम कोर्टानं स्थगिती दिली) तेव्हापासून तर जास्तच विचारतात.

महाराज मूळचे बेळगाव जिल्ह्यातल्या भोजचे, दूधगंगा-वेदगंगेच्या संगमाजवळचं गाव ते. जन्म १८७२चा, नाव सातगौडा पाटील, घरची शेती. १९२०ला यरनाळला मुनिदीक्षा घेतली, तेव्हा दिगंबर मुनी जवळपास दिसेनासेच झाले होते, उत्तरेत तर कित्येक पिढ्यांनी मुनी बघितलाच नव्हता. महाराज संघ घेऊन झारखंडमधल्या शिखरजी तीर्थापर्यंत आणि पुढे उत्तर भारतभर फिरले, सगळं पायी. आज जागोजागी मुनिसंघ दिसतात ना, त्यातल्या बहुतेकांची परंपरा त्यांच्यापाशी जाते.

आता तुमचा प्रश्न. मुनीनं चार हात पुढची जमीन बघूनच पाऊल टाकायचं, मुंगीसुद्धा पायाखाली येता कामा नये. आहार दिवसातून एकदाच, उभ्यानं, ओंजळीत, तोही नीट बघून. म्हणजे सगळं व्रत डोळ्यांवर उभं. आणि ८३व्या वर्षी महाराजांची नजरच जायला लागली. शरीर सांभाळायचं तर अहिंसेचं व्रत मोडणार आणि व्रत सांभाळायचं तर शरीर सोडावं लागणार, त्यांनी व्रत सांभाळलं, बस एवढंच. १४ ऑगस्ट १९५५ला कुंथलगिरी या तीर्थावर सल्लेखना सुरू केली. आचार्यपद पत्र पाठवून आपले शिष्य वीरसागर महाराजांना दिलं, ते तेव्हा जयपूरला होते. २६व्या दिवशी लोकांसमोर बोलले, आपल्या मराठीत, त्याचं रेकॉर्डिंग आहे, संयम, म्हणजे व्रतं, घ्यायला भिऊ नका असं सांगतात त्यात. इतके दिवस पोटात अन्न नसलेला माणूस हे समजावून सांगतोय, मला ते ऐकताना दरवेळी भरून येतं.

आणि एक गोष्ट बाहेर फारशी कुणाला माहीत नसते. तत्त्वार्थसूत्र या जैन ग्रंथात सल्लेखनेचे पाच अतिचार, म्हणजे व्रतातले दोष, सांगितलेत, त्यात अजून जगावं असं वाटणं हा एक दोष, आणि लवकर मरण यावं असं वाटणं हासुद्धा दोष. आत्महत्या करणाऱ्याला मरण हवं असतं हो, इथे ते हवंसं वाटलं तरी व्रताला डाग लागतो. म्हणून मला हे दोन्ही एका मापानं मोजणं पटत नाही.

१८ सप्टेंबरच्या सकाळी महाराज गेले, भाद्रपद शुद्ध द्वितीया होती. आज्जी त्या तिथीला उपास करायची. लहानपणी मी एकदा महाराज वारले असं म्हणालो तर तिनं लगेच थांबवलं, वारले नाही म्हणायचं बाळा, समाधी झाली म्हणायचं.