परवान्यातली भूमिका

वर्णभेदाच्या काळात दक्षिण आफ्रिकेत घडलेल्या नाटकांना आपण ‘अनुभवातून आलेले नाटक’ म्हणतो आणि तेथेच थांबतो. ‘सिझ्वे बान्सी इज डेड’ वाचल्यापासून हे थांबणे मला खटकत आले आहे. पोर्ट एलिझाबेथच्या न्यू ब्रायटन या कृष्णवर्णीयांच्या वस्तीशी जोडलेले जॉन कानी आणि विन्स्टन न्त्शोना यांनी गोरे नाटककार अ‍ॅथॉल फुगार्ड यांच्याबरोबर ते तालमींतून रचले आणि १९७२ मध्ये केप टाउनच्या ‘द स्पेस’ या नाट्यगृहात त्याचा पहिला प्रयोग झाला.

कानी यांनी फोर्डच्या मोटार कारखान्यात नोकरी केली होती. नाटकाच्या आरंभी स्टाइल्स हा छायाचित्रकार अशाच नोकरीची हकिगत सांगतो. अमेरिकेहून बडे मालक येणार म्हणून कारखाना घासूनपुसून लखलखीत केला जातो, कामगारांनी आनंदी दिसावे असा हुकूम सुटतो, आणि गोऱ्या साहेबाचे बोलणे सोबत्यांना त्यांच्या भाषेत सांगता सांगता स्टाइल्स त्याच्या देखतच त्याची रेवडी उडवतो. मालक, साहेब, कामगार अशी सगळी माणसे एकच नट उभी करतो. साहेबासमोर एक चेहरा आणि आपल्या माणसांत दुसरा, हे कसब त्या राजवटीत वाढणाऱ्याला पोटासाठीच शिकावे लागे. कानी यांनी ते रंगमंचावर उघड करून दाखवले, म्हणून तो प्रवेश हसवता हसवता जाळतो.

नाटकाचा गाभा मात्र परवान्याच्या पुस्तिकेत आहे. कृष्णवर्णीय माणसाने कोठे राहावे आणि कोठे काम करावे हे तिच्यातील शिक्क्यांवरून ठरे, आणि ती जवळ नसणे हाच गुन्हा होता. शहर सोडण्याचा शिक्का बसलेल्या सिझ्वेला रात्री एका मृताची पुस्तिका मिळते, तिच्यात कामाचा परवाना असतो, आणि मित्र बुंटू तिच्यातील छायाचित्र बदलून टाकतो. मग बुंटू कधी पोलीस, तर कधी आणखी कोणी होऊन नाव आणि क्रमांक विचारतो, आणि सिझ्वे परक्या माणसाचा क्रमांक घोकत राहतो. आपले नाव सोडायला तो सहजासहजी तयार नसतो, कारण बायकोमुलांनी मग कोणाचे नाव लावायचे, हा त्याचा प्रश्न असतो. म्हणजे नाटकात चालते ती जगण्याचीच तालीम.

आणि बाहेर काय होते? कृष्णवर्णीयाचा व्यवसाय ‘नट’ म्हणून नोंदवण्याची सोयच कायद्यात नसल्याने कानी आणि न्त्शोना यांची नोंद फुगार्ड यांचे घरगुती नोकर म्हणून झाली होती. सिझ्वे जे करतो, तेच त्याला साकारणारे करत होते.

याच तिघांचे रॉबेन बेटावरील कैद्यांविषयीचे ‘द आयलंड’ १९७३ मध्ये आले. दोन्ही नाटकांसाठी कानी आणि न्त्शोना यांना १९७५ चा टोनी पुरस्कार विभागून मिळाला, आणि पुढच्याच वर्षी ट्रान्सकाय प्रदेशात प्रयोग केल्यावर दोघांना अटक झाली. परदेशांतून निषेध झाल्यानंतर त्यांची सुटका झाली.

हे नाटक आज करणाऱ्या नटांनी क्रमांक पाठ करण्याचा तो प्रसंग घाईने उरकू नये, असे मला कळकळीने वाटते. प्रत्येक आकडा चुकावा, पुन्हा विचारला जावा, आणि तो बरोबर सांगता येईपर्यंत प्रेक्षकांना ताटकळत बसावे लागावे.