आमची वाटचाल : खांब विकता विकता

वडिलांनी १९८८ साली अमळनेरात जुन्या लाकडाचं दुकान टाकलं. वाडा मोडायला निघाला की आम्ही बोली लावायचो. खांब, सरे (खांबांवरच्या आडव्या तुळया), कड्या (छताखालची आडवी लाकडं), नक्षीची चौकट उतरवून आणायचो. जुना साग शंभर वर्षांनीही रंधा मारला की आतून तेलकट निघतो. गिऱ्हाईक मात्र मुंबई, गोवा, कोचीचं.

२०१४ साली ट्रकाबरोबर मीच कोचीला गेलो. मट्टनचेरीत मसाल्याच्या गोदामांत आता जुन्या वस्तूंची दुकानं आहेत. एका हॉटेलच्या अंगणात आमच्याकडचे खांब दिसले. वर सरा नाही, भार नाही, नुसते शोभेला. समोरचा चहावाला म्हणाला, भाडं झेपेना म्हणून त्याचं घर आता शहराबाहेर आहे. मलेशियातल्या जॉर्ज टाउनचंही पुढे वाचलं. २००० साली तिथला जुना भाडेनियंत्रण कायदा उठला, भाडी चढली, कित्येक जुने भाडेकरू आणि कारागीर बाहेर पडले. २००८ साली शहर जागतिक वारसा ठरलं. तिथे घरं राहिली, माणसं गेली. आमच्याकडची माणसं सुरत-पुण्याला गेली, आणि मागे राहिलेली घरं आम्हीच उतरवली. हे मला फार लागलं.

कोचीहून आल्यावर दोन वर्षांनी पारोळ्याच्या एका आजींकडे गेलो, अर्थात खांबांच्या आशेनं. त्या म्हणाल्या, "माले घर इकनं नई शे, भाऊ. गयनं तेवढं थांबाडी दे." म्हणजे घर विकायचं नाही, गळणं तेवढं थांबव.

धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावर, कुणीतरी सिमेंटचा कोबा केला होता. तडे गेले, पाणी मुरलं, पण वाळायला वाट नाही. खालचं किलचन (कड्यांवर मातीखाली अंथरलेली लाकडं) आणि कड्यांची टोकं कुजलेली. कोबा फोडला. कडी पूर्ण न बदलता कुजलेलं टोक कापून दुकानातल्याच जुन्या सागाचा तुकडा सांधला. नवं किलचन, माती, वर पाणी अडवणारी खारी माती, पन्हाळाकडे उतार. खारी माती अंथरायला गावातले एक वयस्कर बाबा आले. ते नसते तर हे काम आम्हाला जमलंच नसतं. त्यांच्या हाताखाली आमची दोन पोरं शिकली.

त्यानंतर उभ्या घराचं लाकूड घेणं बंद केलं. पहिली तीन वर्षं कमाई निम्म्यावर आली, घरात बोलणीही झाली. आज आठ कारागीर आहेत, चोपडा-एरंडोलपर्यंत दुरुस्तीची कामं येतात. पडलेल्या घराचं लाकूड अजून घेतो, पण ते दुरुस्तीसाठीच राखतो.

आजींच्या धाब्यावर दर वर्षी मिरगाआधी आमची पोरं खारी माती टाकून येतात.