कचराच का दिलात त्यांना?

पुण्याला आले की कुणी ना कुणी विचारतंच, "आधीच निर्वासित, त्यात बायका, आणि त्यांच्या हाती कचराच दिलात? शिवणकाम तरी शिकवायचं!" आजवर मी विषय बदलत आले. तुम्ही पुन्हा विचारलंत म्हणून आता नीट सांगते.

मुळात आम्ही दिला नाही. केनियातली काकुमा छावणी १९९२ सालची. तिथे जन्मलेल्या मुलींना आता मुलं आहेत. आम्ही मदतीच्या कामाला तिथे जायच्या आधीपासून तिथल्या बायका एकेकट्या प्लास्टिक वेचून विकत होत्या. गट झाला, वजनकाटा आला, हिशेबाची वही आली, एवढाच आमचा भाग. आणि शिंपी छावणीत आहेतच. शिधा कमी होत गेल्यावर कपडे शिवून घ्यायला पैसा उरतो कुणाकडे? प्लास्टिकचा पैसा बाहेरून येतो. म्हणून प्लास्टिक.

पण तो येतो कसा, तेही ऐका. रिकाम्या बाटलीत हवाच जास्त आणि नैरोबी शेकडो किलोमीटर लांब. बाटल्या चेपून गाठी बांधल्या नाहीत तर ट्रकचं भाडंही सुटत नाही. झाकण वेगळ्या प्लास्टिकचं, ते आधी काढायचं. काकुमा ज्या भागात आहे त्या तुर्कानात वाऱ्याबरोबर वाळू येते आणि पाण्याला रांग, म्हणून बाटल्या फडक्यानं कोरड्याच पुसायच्या.

असा बरेच दिवस साठवलेला माल न्यायला ट्रक आला. भाव फोनवर ठरला होता. व्यापाऱ्यानं एक गाठ कापली, थोडी वाळू सांडली, आणि त्यानं भाव निम्म्यावर आणला. गटाची अध्यक्ष, दक्षिण सुदानमधल्या दिंका जमातीची बाई, म्हणाली, "माल उतरवा." तो म्हणाला, "उतरवतो. पण नेणार कुठे?"

खरंच, कुठे नेणार? केनियाच्या २०२१च्या कायद्यानं निर्वासितांना कामाचा हक्क दिला, पण छावणीबाहेर पडायला परवानगीचा कागद लागतोच. बायका आपसात अरबीत खूप वेळ बोलत राहिल्या. एकीला मुलाच्या औषधाचे पैसे द्यायचे होते, एकीवर दुकानाची उधारी होती. अध्यक्ष शेवटपर्यंत नाही म्हणत होती. माल गेला, व्यापाऱ्यानं सांगितलेल्या निम्म्या दरानं. माझा पासपोर्ट घेऊन मी त्या ट्रकमध्ये बसून नैरोबीला जाऊ शकत होते. माल मात्र त्यांचा होता.

पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, तेव्हा कचरावेचक बायकांना ओळखपत्रासाठी झगडावं लागलं. त्यांचे हाल मी कमी लेखत नाही. पण एका भंगारवाल्यानं भाव पाडला, तर दुसऱ्याच्या दारात जायला त्यांना कुणाचा शिक्का लागत नव्हता.

पूर्वी मी ठासून सांगायचे, बाईच्या हातात पैसा आला की घरात तिचा शब्द चालतो. आता स्वतःलाच विचारते, पैसा किती आणि भाव कुणी ठरवलेला? मग तीच जुनी मी उलट विचारते, "म्हणून काय, बंद करायचं?" त्या ट्रकनंतर काहीजणी गट सोडून गेल्या. गट मोडा, असं मात्र एकीनंही म्हटलं नाही.

आता त्यांची मागणी मशीनची नाही. दोघींना लोडवार शहरापर्यंत जाऊन दुसरा व्यापारी शोधायचा कायमचा परवाना हवा आहे. अर्ज मी लिहून दिला आहे. तोवर ट्रक त्याच माणसाचा येतो आणि भावही तोच सांगतो.